कवडी अंधार

शिक्षक कॉलनीच्या बागेत हायमास्ट दिवा लागला, त्या वर्षापासून घरोघरी अंधाराला विरजण लावावं लागत होतं.

दिवा कॉलनीनेच मागून घेतला होता. कॉलनीतले सगळे निवृत्त मास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना प्रकाशाकडे ढकलत आलेले, त्यामुळे नगरपालिकेने ‘बोला, काय हवं’ असं विचारल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. खांब उभा राहिला, वर आठ तोंडांचा दिवा बसला, नारळ फुटला, आणि त्या संध्याकाळपासून कॉलनीत रात्र नावाला येऊ लागली. पडदे, गोधड्या, प्लायवूड, सगळ्यातून तो उजेड झिरपायचा. सरकारी काम पहिल्यांदाच इतकं चोख झालं होतं. पलंगाखाली, कपाटामागे, जिन्याच्या कोपऱ्यात जो काही अंधार साचायचा तो अगदीच पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखा. त्यात डोळा लागत नसे.

मग बायकांनी रीत बसवली. दुपारी घरातला पातळ अंधार पातेल्यात गोळा करायचा, जरा कोमट करायचा, आदल्या दिवसाचं चमचाभर विरजण घालून झाकून ठेवायचा. दिवेलागणीपर्यंत लागतो. मग ज्याच्या त्याच्या उशाशी वाटी-वाटी. ज्यांना एवढाही व्याप नको, ते डेअरीतून पिशवी आणायचे. पिशवीतला अंधार दिसायला काळाभोर, पण त्यात दम नसे. उजाडायच्या आधीच त्याला पाणी सुटायचं. म्हाताऱ्यांची तक्रार नव्हती. त्यांना तसंही पहाटे उठून इतरांना उठवायचं असे.

तक्रार एकट्या उत्कर्षा चौगुलेची होती. तिला झोपायचं नव्हतं. तिला कुंडीतल्या जेडला फूल आणायचं होतं.

उत्कर्षा हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. बाबा म्हणजे चौगुले सर, निवृत्त मुख्याध्यापक; मुलीचं नाव ठेवतानासुद्धा त्यांनी शेरा मारल्यासारखं ठेवलं. उत्कर्षा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आली. पुस्तकं, ड्रॉइंगचा बोर्ड, बादली सगळं तिथेच टाकलं आणि होस्टेलच्या खिडकीतली एक कुंडी तेवढी मांडीवर घेऊन एसटीत बसली. कुंडीत जेड होतं. बुटकं, जाड पानांचं, बुंधा हत्तीच्या पायासारखा. का सोडलंस, असं तिला घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, आता पुढे काय. त्यामुळे तिनेही सांगितलं नाही.

जेड घरात फुलत नाही असं नाही. त्याला पाणी कमी लागतं, कुंडी तंग लागते, दिवसा खिडकीतलं ऊन लागतं, थंडी लागते, आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत सलग, गडद अंधार लागतो. मध्ये एकदा जरी उजेड पडला, तरी ते त्या रात्रीला रात्र म्हणून धरत नाही. अशा न मोडलेल्या रात्री पुरेशा साठल्या की मग त्याला फुलायचा विश्वास येतो. उत्कर्षाला हे झाडाकडे बघून बघून कळलं होतं. तीन वर्षं तीही तिथे ट्यूबलाइटखालीच वाढली होती.

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात बाबांनी जेवताना जाहीर केलं, “मधली खोली रिकामी करायची आहे. मी वर्ग सुरू करतोय. स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन. बाक सांगितलेत.”

“मधली म्हणजे माझी?” उत्कर्षाने विचारलं.

“तुझी कशी? तू तिथे करतेस काय?”

“झाडाला फूल आणतेय.”

समोर इंदुआत्या जेवायला बसली होती. बाबांची थोरली बहीण, निवृत्त शिवणशिक्षिका, राहायची वरच्या मजल्यावर आणि जेवायची खाली. ती एवढ्या जोरात हसली की ताकाचा भुरका उलटा आला. “निवडुंगाला फूल! अगं, बाईमाणसाने मोगरा लावावा, जास्वंद लावावी. देवाला तरी होते.”

“ते निवडुंग नाही, आत्या.”

“काटे नसलेलं निवडुंग. म्हणजे त्याहून वाईट. धड टोचतही नाही.”

“हिचं हे असंच,” बाबा भाताला डाळ कालवत म्हणाले. “सुरू करायचं आणि सोडायचं. कथ्थक सोडलं, कराटे सोडलं, कॉलेज सोडलं. आता झाड.”

“झाड मी सोडलेलं नाही,” उत्कर्षा म्हणाली. “तुम्ही खोली सोडायला लावताय. आणि कथ्थक आईला हवं होतं, कराटे तुम्हाला. मी फक्त कपडे बदलून जात होते.”

आईने उगाचच सगळ्यांना पोळी वाढली.

बाबांना वर्गासमोर हरायची सवय नव्हती. त्यांनी हात धुतले, पुसले आणि निकाल सांगितला. “संक्रांतीपर्यंत त्याला फूल आलं, तर खोली तुझी, आणि कॉलेजचं नाव मी या घरात काढणार नाही. नाही आलं, तर त्या खोलीत सहा ट्यूब लागतील. बाक लागतील. आणि पहिल्या बाकावर तू बसशील.”

“बसेन,” उत्कर्षा म्हणाली. पहिला बाक तिला माहीत होता. तिथे मास्तरांची थुंकीसुद्धा आपलीच.

दुसऱ्या दिवसापासून घरातली मोठी माणसं झाडाला प्रोत्साहन देऊ लागली. झाड फुलू नये असं कुणालाच वाटत नव्हतं. ते आपल्यामुळे फुलावं, एवढंच होतं. आईने त्याला उरलेला चहा घातला. आत्याने दृष्ट काढली. शेजारचे ऐनापुरे सर, निवृत्त विज्ञान शिक्षक, येऊन त्याच्या पानाला चिमटा काढून बघून गेले आणि म्हणाले की विषय सोपा आहे, मुलीने नीट समजून घेतलेला नाही. बाबा फिरून आले की बुटांसकट खोलीत यायचे आणि कुंडीपुढे हात मागे बांधून उभे राहायचे.

“ऐनापुऱ्यांच्या गच्चीतली सदाफुली बघ,” ते जेडला म्हणायचे. “तुझ्यापेक्षा लहान आहे. बाराही महिने फुलते. आईबापांना त्रास नाही. तुला इथे काय कमी आहे?”

जेडने दोन पानं गाळली.

अंधाराचं मात्र जमेना. उत्कर्षाने डेअरीतून पिशव्या आणल्या, खोलीत ओतल्या. पहाटेपर्यंत फरशीवर पाणी. घरचं विरजण लावून बघितलं. पण घरच्या विरजणाला वर्षानुवर्षं बाबांच्या उशाशी बसून बसून सवय लागलेली, ते मध्येच खाकरायचं आणि पातळ व्हायचं. असल्या अंधारात कुंडीची कडासुद्धा दिसायची. जेडला ते चालण्यातलं नव्हतं.

खरा अंधार कॉलनीत एकाच ठिकाणी होता, आणि तो इंदुआत्याकडे होता.

आत्याच्या सासरी हळदीचा व्यापार. गावाबाहेर त्यांची पेवं होती, म्हणजे जमिनीत खोल खणलेले, आतून लिंपलेले खड्डे. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची आणि भाव येईपर्यंत विसरायचं. एका पेवाचा भाव कधी आलाच नाही. आत्याच्या आजेसासऱ्यांनी बंद केलेलं ते पेव तिच्या नवऱ्याने उघडलं, तेव्हा आतली हळद मातीला मिळाली होती, पण अंधार तसाच होता, तीन पिढ्या मुरलेला. वाटण्या झाल्या तेव्हा दिरांनी जमीन घेतली आणि विधवा भावजयीला त्या अंधाराची एक बरणी दिली. आत्याने ती कपाटावर ठेवली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून. सणासुदीलासुद्धा उघडायची नाही.

उत्कर्षा वर गेली तेव्हा संध्याकाळ कलली होती.

“आत्या, वाटीभर अंधार दे.”

“आत्ता? तिन्हीसांजेला?” आत्याने कानावर हात ठेवले. “दिवे लागले की मीठ, दही आणि अंधार दाराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते.”

“लक्ष्मी कुठे बरणीत बसलीय?”

“उलट बोलू नकोस. तिसऱ्या वर्षाला शिक्षण टाकणाऱ्यांनी मला लक्ष्मी शिकवू नये. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. गुरुवारी तर नावच काढायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आत्याने स्टूल लावलं, बरणी उतरवली आणि दादऱ्याची गाठ सोडली.

उत्कर्षा जिथे होती तिथेच उभी राहिली. बरणीच्या तोंडातून काही बाहेर आलं नाही. उलट खोलीतला दुपारचा उजेड किंचित तिकडे कलला, बोलावल्यासारखा. ओल्या हळदीचा आणि फार जुन्या मातीचा वास आला. आत्याने पळी आत घातली. पळीचा दांडा बुडाला तिथवरच दिसायचा बंद झाला. तिने वाटीत एक पळी घातली, वाटी उलटी करून दाखवली. पडला नाही. सरकला नाही. थरथरलासुद्धा नाही.

“याला म्हणतात कवडी,” आत्या म्हणाली, आणि तिचाही आवाज थोडा खाली आला होता. मग लगेच वर गेला. “एकदाच देणार. पुन्हा विरजण मागायला येणारी बाई कधी संसार करत नाही. आणि माझी वाटी रिकामी परत यायची नाही.”

“काय घालू तिच्यात?”

“जे पिकेल ते. साखर नको, मला डायबेटिस आहे.”

उत्कर्षाने घरातला सगळा पातळ अंधार झाडूने ओढला. पलंगाखालचा, माळ्यावरचा, बाबांच्या सत्काराच्या शालींच्या ट्रंकेतला. तिथला बरा होता, ती ट्रंक कुणी उघडत नसे. कोमट केला, विरजण घातलं. थंडीत लागायला वेळ लागतो म्हणून पातेलं होस्टेलच्या स्वेटरमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं. संध्याकाळी झाकण न काढता खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि चाचपडत ओतलं. अंधार जिथे पडला तिथेच बसला. सकाळी खिडकी उघडायच्या आधी तिने तो परत पातेल्यात भरला. जेडला दिवसभर ऊन दिलं. पुन्हा दुपारी विरजण.

असं रोज चाललं. मार्गशीर्ष संपता संपता जेडच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या, आणि शेंड्यांच्या बेचक्यात मोहरीएवढे दाणे दिसू लागले. कळ्या होत्या. उत्कर्षाने ते कुणाला सांगितलं नाही. पण चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण घरात कुजबुज सुरू झाली.

एका दुपारी ती कुंडीसाठी वाळू आणायला बाजारात गेली. येऊन तांदळाचा डबा उघडला तर स्वेटरची गाठ वेगळी. झाकण काढून हात घातला. अंधार फाटला होता. काळ्या गुठळ्या तळाशी, आणि वर उजेडाचं पिवळट पाणी.

“याला कुणी हात लावला?”

“हात नाही लावला गं,” आई म्हणाली. “लागला का, एवढं बघितलं. एकदाच.”

“कशाने बघितलंस?”

“मोबाइलच्या टॉर्चने. अंधारात काय दिसणार नाहीतर?”

“मी थर्मामीटर बुडवला होता,” ऐनापुरे सर सोफ्यावरून म्हणाले. ते पेपर वाचायला आले होते. “आकडा वाचायला दिवा लागतोच. शास्त्रीय निरीक्षण होतं ते. फाटण्याचा त्याच्याशी संबंध नाही.”

“बाबा?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “मी घरातला कर्ता माणूस आहे. स्वतःच्या घरातलं पातेलं बघायला मला परवानगी लागते? तीस वर्षं शाळा चालवली. अचानक तपासणी केल्याशिवाय कुठलीही गोष्ट नीट होत नाही.”

“कुठली गोष्ट नीट झाली तुमच्या तपासणीने?” उत्कर्षा ओरडली नाही. तिचा आवाज अगदी सपाट आला, आणि त्याचीच सगळ्यांना भीती वाटली. “एक सांगा. माझी वही तपासलीत, माझी बॅग तपासलीत, मी रडत असताना बाथरूमचं दार वाजवून ‘काय करतेस’ विचारलंत. तुम्हाला माझी काळजी आहे, मला माहितीय. तुमची काळजी म्हणजे टॉर्च आहे. ज्याच्यावर पडते ते फाटतं. आणि मग तुम्ही म्हणता, बघा, मी बघितलं म्हणून कळलं तरी की फाटलंय!”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. जिन्यावरून आत्याचा आवाज आला, “माझी वाटी कुठंय?”

ते ऐकून उत्कर्षाला वाटी आठवली.

वाटी तिच्या फडताळात पालथी पडली होती. रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिने ती घासलीच नव्हती. तिने बोट फिरवलं. कडेच्या आतल्या बाजूला, वळणाखाली, काजळाच्या बोटाएवढा अंधार चिकटला होता. तेवढाच. पातेल्याला तो पुरणार नव्हता, आणि पातेलं या घरात झाकून राहणारही नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि खोलीलाच पातेलं करायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी तिने खिडकी बंद केली. दाराला आतून कडी घातली आणि फटीत स्वेटर कोंबला. हायमास्ट अजून लागायचा होता. खोलीभर तो नेहमीचा पातळ अंधार जमू लागला. तिने सगळ्या अंगाची ऊब त्याला दिली. म्हणजे मध्यभागी कुंडी घेऊन मांडी घालून बसली, बास. बोटावरचं विरजण हवेत एकदा ढवळलं. मग हात स्थिर ठेवला. विरजण लावल्यावर हलवायचं नसतं.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर हायमास्ट भप्पकन लागला आणि भिंतीतून झिरपायला लागला.

मग कोपऱ्यांतून धरायला सुरुवात झाली. आधी छताचे कोपरे गेले, मग कपाट, मग फरशी. आवाज नव्हता, पण सायीची पहिली घडी बसावी तशी एक हालचाल तिच्या गालाजवळून गेली. उत्कर्षाने हात डोळ्यांसमोर धरला. हात नव्हता. गुडघे नव्हते. ती कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते, ते सांगता येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीही बघू शकत नव्हतं, ती स्वतःसुद्धा नाही. तिला वाटलं होतं भीती वाटेल. वाटलं ते भलतंच होतं. आपण पुष्कळ आहोत, असं वाटलं. कुंडीतल्या मातीचा वास आला, हळदीचा आला, आणि जेडच्या पानांतून पाणी चढतंय ते तिला ऐकू आलं. फार सावकाश, फार खालून, जमिनीखाली कुणी चालत यावं तसं.

दारावर टकटक झाली.

“उत्कर्षा. काय करतेस?”

ती बोलली नाही.

“हे बघ, मी रागावलेलो नाही,” बाबा म्हणाले. “फक्त एक मिनिट दार उघड. बघतो आणि जातो.”

स्वेटर सरकल्याचा आवाज झाला. दाराखालच्या फटीतून टॉर्चचा झोत आत आला.

झोत हातभर आत आला आणि थांबला. अंधार लागला होता. चांगल्या दह्यात चमचा उभा राहतो, तसा तो झोत अंधारात रुतून राहिला, पांढरा, काठीसारखा. बाहेर बाबांनी टॉर्च हलवून बघितला. झोत हलला नाही. त्यांनी टॉर्च मागे ओढला. झोत मोडून आतच राहिला आणि थोड्या वेळाने विरघळला.

“अगं,” बाबा बाहेर आईला म्हणाले, “माझा टॉर्च रिकामा झाला.”

मग दाराखालून अंधार बाहेर गेला. घाई न करता, उतू जाणाऱ्या दुधाची घाई त्याला नव्हती. हॉलमध्ये गेला, सोफ्यावर चढला, टीव्हीवर चढला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. आईने बटण दाबलं. दिवा लागल्याचं बटणाला कळलं, बाकी कुणाला नाही.

त्या रात्रीपासून चौगुल्यांच्या घरात दिवस मावळला की कवडी अंधार लागू लागला. पहिले काही दिवस मोठ्या माणसांनी आदळआपट केली. नेमके त्याच आठवड्यात बाबांनी सांगितलेले बाक आले होते आणि हॉलमध्ये लावून ठेवले होते. ज्याची त्याची नडगी फुटली. नडगी फुटल्यावर माणूस जिथे असेल तिथे बसतो. अशी सगळी बाकांवर बसू लागली. आई तिसऱ्यावर. ऐनापुरे सर दुसऱ्यावर. त्यांना घरी जायची वाट दिसत नसे. बाबा अडखळले ते पहिल्यावरच. जेवणं उजेड असतानाच उरकली जाऊ लागली. टीव्ही नव्हता, पेपर नव्हता, एकमेकांचे चेहरे नव्हते. बोलायला गेलं तर ज्याला सुनवायचं तो ऐकतोय की नाही तेच दिसत नसे, त्यामुळे सुनवण्यातली मजा गेली. बाबा आधी वाक्य पूर्ण करायचे. मग अर्धीच करू लागले. पौष निम्मा होईपर्यंत त्यांनी तेही सोडलं. कधी तरी अंधारातून आत्याचा आवाज यायचा, “माझी वाटी?” आणि उत्कर्षा आतून म्हणायची, “पिकतेय.”

आई एकदा हळूच म्हणाली, “अहो, मला माझ्या आईचं घर आठवलं.” बाबा म्हणाले, “हं.” लग्नानंतर तिने एवढं बोलल्यावर मध्येच दुसरा विषय निघाला नाही, असं ते पहिलंच.

भोगीच्या संध्याकाळी उत्कर्षा नेहमीसारखी कुंडीजवळ बसली होती. अंधार लागला, हात गेले, गुडघे गेले. आणि मग तिला काहीतरी दिसलं.

आधी वाटलं डोळ्यांत कचरा गेला. एकच ठिपका, पांढरा. तो उलगडला. त्याला पाच टोकं झाली. उजेड नव्हता तो. त्याच्यामुळे आजूबाजूचं काहीच उजळलं नाही, पानसुद्धा दिसलं नाही. त्याला फक्त दिसायचं होतं. मग शेजारी दुसरा उलगडला. मग खालच्या फांदीवर तीन एकदम. मग तिला मोजायचं सुचलंच नाही. गुच्छच्या गुच्छ सुटत गेले, छातीच्या उंचीपासून डोक्याच्या वर, आणि डोक्याच्या वर तर जेड पोचतच नव्हतं. तिने मान वर केली. छत नव्हतं. जिथे छत असायला हवं तिथून कितीतरी खोल, कितीतरी वर, त्या पाच टोकांच्या पांढऱ्या चांदण्या पसरत चालल्या होत्या, आणि सगळ्यातून एक बारीक साबणासारखा, थंडीसारखा वास येत होता.

उत्कर्षा रडत होती का, ते सांगता येत नाही. अंधार होता.

तिने उठून कडी काढली.

दार उघडल्याचा आवाज झाला आणि बाकांवरची कुरकुर थांबली. चांदण्या दारातून हॉलमध्ये आल्या. सोफ्यावरून, टीव्हीवरून, बाकांवरून पुढे गेल्या. आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. तिने ‘अगो बाई’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ऐनापुरे सर म्हणाले, “याचं कारण असं, की...” आणि थांबले. कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही नको होतं. कुणीही टॉर्च काढला नाही. आई कुणाच्या तरी हातात हात घालून बसली होती.

पहिल्या बाकावरून फार वेळाने आवाज आला. “हे सगळं... त्या कुंडीतलं?”

“हो, बाबा.”

“आधीपासून होतं?”

“हो.”

बाबांची मान वर होती. वर्गात शेवटच्या तासाला, खिडकीबाहेर बघणारं पोर बसतं तसे ते बसले होते, आणि त्यांना कुणी उठवलं नाही.

संक्रांतीला चौगुल्यांच्या घरी हळदीकुंकू झालं. यंदा आईने वाण म्हणून ना आरसे लुटले ना प्लास्टिकचे डबे. अंधाराचं विरजण लुटलं. कॉलनीतल्या बायका झाकणाच्या वाट्या घेऊन आल्या. मधल्या खोलीच्या दाराशी उत्कर्षा पळी घेऊन बसली होती. प्रत्येकीला एक पळी आणि तिळगूळ. “हलवायचं नाही. बघायचं नाही,” ती सांगत होती. बायका माना डोलवत होत्या. सहा बाक अंगणात काढले होते, त्यावर रांगेतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या.

आत्याला तिची वाटी परत मिळाली. वाटीत काठोकाठ अंधार होता आणि त्याच्या मधोमध एक पाच टोकांचं फूल. आत्याने ती उलटी करून बघितली. फूल पडलं नाही.

“वाटी माझी घासली नाहीस तू,” आत्या म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरून ती जिना चढली. जिन्यात दोनदा थांबली.

बायका गेल्या. ऊन उतरलं. उत्कर्षा पळी पुसत होती तेव्हा दारात बाबा आले. त्यांच्या हातात दाढीची वाटी होती. स्वच्छ धुतलेली.

“वाण बायकांना असतं, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “आतल्या खोलीत तुझा अंधार पोचत नाही, हायमास्ट फार येतो. इतकी वर्षं झोप म्हणून नाही मला. तुला कधी बोललो नाही.”

उत्कर्षाने खिडकीकडे बघितलं. “तिन्हीसांज झाली की देत नाहीत.”

“अजून लागला नाही दिवा,” बाबा घाईने म्हणाले. “बघ. लागायचाय अजून.”

खांबावरची आठही तोंडं काळी होती. तिने पळीभर अंधार दाढीच्या वाटीत घातला.

“हलवायचं नाही.”

“नाही.”

“आणि बघायचं नाही.”

बाबांनी वाटी छातीशी धरली, वरून हाताचा पंजा झाकणासारखा ठेवला.

“नाही बघणार,” ते म्हणाले.

बाहेर हायमास्ट लागला. कॉलनीत एकेक खिडकी काळी होत गेली, आणि ज्या काळ्या झाल्या, त्यांच्यात कुठे कुठे पांढरे ठिपके दिसू लागले.